पुटपुटणारं मूल आणि गप्प वर्ग: बोलण्यातून शिकण्याविषयी वाचकांचे प्रश्न

‘बोलणं आणि शिकणं’ या विषयावर प्रश्न मागवले तेव्हा पालकांची, शिक्षकांची आणि कॉलेजात शिकणाऱ्यांचीही पत्रं आली. वयं निरनिराळी असली तरी बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच समजूत आहे: विचार डोक्यात आधी तयार होतो, मग तोंडावाटे बाहेर पडतो. त्यामुळे जो गप्प आहे त्याला येत नाही आणि जो सारखा बोलतो त्याचं लक्ष नाही, असं आपण ठरवून मोकळे होतो. प्रत्यक्षात पुष्कळसा विचार बोलता बोलताच आकाराला येतो, आणि बहुतेक वेळा त्यासाठी समोर कुणीतरी असावं लागतं. घरात आणि वर्गात याचं काय करायचं, ते एकेका प्रश्नाच्या निमित्ताने पाहू.

प्रश्न: मुलगी पाच वर्षांची आहे. ठोकळे लावताना, चित्र काढताना एकटीच बोलत असते. ‘आता हा इथे... नको, मोठा कुठाय... हां, बसला.’ समोर कुणीही नसतं. शाळेतून ‘एकाग्रता कमी’ असा शेरा आलाय. ही सवय कशी मोडावी?

मोडू नका. तुम्ही जे ऐकताय तीच तिची एकाग्रता आहे, फक्त ती अजून आवाजात आहे.

लहान मुलांच्या या स्वगताची पहिली बारकाईची नोंद स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२३ मध्ये केली. त्यांचं म्हणणं असं, की मुलाला अजून दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघता येत नाही, म्हणून ते असं बोलतं. समज आली की हे बोलणं गळून पडतं. रशियातले लेव्ह विगोत्स्की यांना हे पटलं नाही. त्यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडथळे आणले. चित्र काढायची वेळ आली की कागद कमी पडे, हवी ती रंगीत पेन्सिल जागेवर नसे. अडचण आली की मुलांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट होई. निव्वळ अपरिपक्वतेतून येणारी बडबड अडचण पाहून वाढत नाही. अडचण पाहून वाढते ती मदत.

त्यांच्या नोंदीतला एक प्रसंग सगळं सांगून जातो. साडेपाच वर्षांचं मूल ट्रामचं चित्र काढत होतं. चाकाचा गोल ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मुलाने जोर देऊन पुन्हा गोल काढून पाहिला, पण कागदावर नुसता वळ उमटला. ‘मोडलंय,’ असं ते स्वतःशीच पुटपुटलं, पेन्सिल बाजूला ठेवली, जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम रंगवायला लागलं. तो एक शब्द कुणाला सांगण्यासाठी नव्हता. त्या शब्दाने चित्राची दिशा बदलली.

पुढे या बोलण्याची जागा सरकत जाते. अगदी लहान मूल आधी चित्र काढतं आणि मग त्याला नाव देतं. थोडं मोठं झालं की अर्ध्यावर असताना सांगतं. आणखी मोठं झालं की आधी म्हणतं, ‘मी घर काढणार,’ आणि मग काढतं. म्हणजे कृतीच्या मागून येणारा शब्द कृतीच्या पुढे चालायला लागतो. यालाच आपण नियोजन म्हणतो. आवाजही बदलतो: मोठ्याने बोलणं, मग तुटक पुटपुटणं, मग नुसते ओठ हलणं, आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत बरंचसं आत जाणं. कठीण काम समोर आलं की मोठी माणसंही पुन्हा ओठ हलवू लागतात. गुंतागुंतीचा फॉर्म भरणारा माणूस पाहा.

तेव्हा करायचं इतकंच. ती बोलत असताना मध्ये उत्तर देऊ नका. ते बोलणं तुमच्यासाठी नाही. ती अडली आणि गप्प झाली तर एकच वाक्य टाका: ‘आता काय करायचं ठरवलंयस?’ आणि थांबा. ती तेच वाक्य पुढे स्वतःला विचारू लागेल. मुलं स्वतःशी बोलायचे शब्द आपल्याशी झालेल्या बोलण्यातूनच उचलतात, म्हणून तुमच्या तोंडी ‘तुला जमणारच नाही’ असेल तर आतल्या आवाजातही तेच उतरतं. शाळेला सांगा, इतरांना त्रास होत असेल तर ‘हळू आवाजात बोल’ म्हणा. ‘तोंड बंद’ म्हणू नका.

काळजी केव्हा करायची? बोलण्याचा हातातल्या कामाशी काहीच संबंध नसेल, तीच ती वाक्यं कुठेही येत असतील आणि दुसऱ्याशी बोलणं मात्र जवळजवळ नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवून घ्या. तुमच्या पत्रातल्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

प्रश्न: मुलाचा अभ्यास घेताना मी एक तर सगळं सांगून टाकते, नाहीतर ‘तुझं तू कर’ म्हणून उठते. दोन्हींतून भांडणच होतं. मदत नेमकी किती करावी?

तुमच्या दोन टोकांच्या मधे निदान तीन पायऱ्या आहेत, आणि अभ्यास त्यांवरच होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. विगोत्स्कींनी एक उदाहरण दिलं होतं. दहा वर्षांची दोन मुलं चाचणीत आठ वर्षांच्या पातळीवर निघतात. रूढ हिशेबाने दोघं सारखीच. आता दोघांना थोडी मदत करा: सुरुवात करून द्या, एखादा सूचक प्रश्न विचारा. एक मूल नऊ वर्षांच्या पातळीचे प्रश्न सोडवतं, दुसरं बारा वर्षांच्या. मग ही दोघं सारखी कशी? एकट्याने जमतं तिथपासून मदतीने जमतं तिथपर्यंतची जी पट्टी, त्याच पट्टीत शिकवणं लागू पडतं. त्याच्या अलीकडे शिकवलं तर कंटाळा, पलीकडे शिकवलं तर घोकंपट्टी.

या पट्टीत मदत कशी द्यायची, याचा पहिला नीट अभ्यास डेव्हिड वूड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळे जोडून मनोरा करायचा होता आणि शेजारी शिकवणारी व्यक्ती होती. इमारत बांधताना लावतात तशी ‘परांची’ (इंग्रजीत ‘स्कॅफोल्डिंग’) हा शब्द तिथून शिक्षणात आला. वूड यांनी पुढे मदतीच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्या वजाबाकीवर लावून दाखवतो, कारण वजाबाकीवरून घरोघरी वाद होतात.

समजा उदाहरण आहे ५२ − २७ आणि मुलाने ३५ लिहिलंय. चूक कुठे झाली ते लगेच दिसतं: दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. हा निष्काळजीपणा नाही. ‘मोठ्यातून लहान काढायचं’ हा एकअंकी वजाबाकीत नेहमी खरा ठरलेला नियम त्याने इथेही लावला.

पहिली पायरी, मोघम प्रश्न: ‘हे बरोबर आलंय का ते कसं तपासशील?’ ३५ आणि २७ मिळवून ६२ येतात हे त्याला दिसलं, तर पुढचं काम तोच करेल. दुसरी, नेमकी सूचना: ‘एककाच्या घरात काय केलंस ते मला सांग.’ तिसरी, बोट ठेवून दाखवणं: ‘वर किती आहेत? त्यातून किती काढायचेत?’ चौथी, साहित्य मांडून देणं: दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. ‘यातल्या २७ मला दे.’ सात सुट्या देता येत नाहीत, गठ्ठा सोडावाच लागतो, हे हाताला कळतं. पाचवी पायरी, स्वतः करून दाखवणं: एक गठ्ठा सोडून १२ सुट्या कराव्यात, त्यातल्या सात काढाव्यात, उरलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन काढावेत, मोजून २५ उरलेल्या दाखवाव्यात. पण पाचव्या पायरीनंतर लगेच दुसरं उदाहरण, समजा ६१ − ३८, त्याच्या हातात द्यायचं. ते दिलं नाही तर करून दाखवणं वाया जातं.

नियम एका ओळीचा आहे. मूल अडलं तर एक पायरी वर चढा, जमलं तर एक पायरी खाली उतरा. एका वेळी एकच पायरी. आपण चुकतो ते बहुतेक उतरताना. तीन दिवसांपूर्वी काड्या लागत होत्या म्हणून आजही काड्या मांडतो, आणि मूल ‘आई समोर असेल तरच गणित येतं’ अशा स्थितीत अडकतं. परांची काढलीच नाही तर इमारत उभी आहे की परांची, हे कुणालाच कळत नाही.

आणखी एक गोष्ट: मुलाचे हात बघत जा. ३ + ४ + ५ = __ + ५ अशा उदाहरणात बरीच नऊ-दहा वर्षांची मुलं रिकाम्या जागी १२ किंवा १७ लिहितात. बरोबर उत्तर ७. अमेरिकी संशोधक सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की काही मुलं तोंडाने ‘सगळे मिळवले’ असं सांगतात, पण त्याच वेळी हात आधी बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडून फिरवतात आणि मग वेगळा उजवीकडून. दोन बाजू असतात हे हाताला कळलंय, शब्दांत अजून आलेलं नाही. शिकवल्यावर अशी मुलं इतरांपेक्षा लवकर पुढे जातात. हात आणि तोंड वेगवेगळं बोलू लागले की समजावून सांगायची वेळ आली असं खुशाल समजा.

प्रश्न: सातवीला विज्ञान शिकवतो. प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात, बाकी वर्ग गप्प. नावं घेऊन विचारलं तरी ‘माहीत नाही’.

एका तासाचं ध्वनिमुद्रण करा आणि घड्याळ लावून ऐका: प्रश्न संपल्यापासून तुम्ही पुन्हा बोलेपर्यंत किती वेळ गेला? अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांची अशी ध्वनिमुद्रणं तपासली. सरासरी साधारण एक सेकंद निघाली. एका सेकंदात आठवतं ते पाठ असलेलं. विचार करून उत्तर सुचायला तेवढा वेळ पुरत नाही. शिक्षकांनी तीन सेकंद किंवा जास्त थांबायला सुरुवात केली तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्नही वाढले.

थांबायच्या जागा दोन आहेत, आणि दुसरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एक प्रश्नानंतर. दुसरी मुलाने उत्तर दिल्यानंतर. तिथेही तीन सेकंद काही न बोलता थांबलात, तर बरंच काही घडतं: तेच मूल ‘कारण...’ म्हणून पुढे बोलतं, किंवा शेजारचं म्हणतं, ‘पण सर, तसं असेल तर...’ तिथेच ‘शाब्बास’ म्हटलं की दार बंद होतं. हो, कौतुकानेसुद्धा. ‘बरोबर’ ऐकल्यावर वर्ग विचार करायचा थांबतो.

शिक्षकाचा प्रश्न, मुलाचं उत्तर, शिक्षकाचा शेरा ही तीन ठोक्यांची लय जगभरच्या वर्गांत सापडते. तिसरा ठोका बदला, एवढंच सुचवतो. शेऱ्याच्या जागी ‘असं कशावरून?’, ‘तिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग’, ‘कुणाला वेगळं वाटतं?’ यांतलं काहीतरी येऊ द्या. पहिले दोन आठवडे शांतता अवघड वाटेल आणि तीन सेकंद फार लांब वाटतील. मनात अंक मोजा. मुलांनाही आधी सांगून ठेवा की तुम्ही मुद्दाम थांबणार आहात, नाहीतर आपलं चुकलं असं वाटून ती गांगरतात. पाढे, संज्ञा, तारखा अशा झटपट आठवणीच्या प्रश्नांना हे लागू नाही; तिथे वेगच बरा.

प्रश्न: गटकार्य दिलं की एक तर गोंधळ, नाहीतर हुशार मूल लिहितं आणि बाकीचे बघतात. गटातून खरंच कुणी शिकतं का?

शिकतात, पण नुसतं बाकं जोडल्याने नाही. इंग्लंडमधले नील मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या गटांतलं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं, आणि त्यांना तीन तऱ्हा दिसल्या. पहिली भांडणाची: ‘नाही, हेच’, ‘अजिबात नाही’. दुसरी मान डोलावण्याची: जो तो हो ला हो म्हणतो आणि काहीही तपासलं जात नाही. तिसरी शोधाची: कुणीतरी कल्पना मांडतं, दुसरं कारण मागतं, तिसरं पर्याय सुचवतं, आणि मग सगळे मिळून ठरवतात. वर्गात पहिल्या दोन मुबलक, तिसरी दुर्मीळ. मात्र ती शिकवता येते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असं बोलायचे नियम शिकलेल्या मुलांना आकृत्यांची तर्ककोडी गटात जास्त सुटली. आणि पुढे एकटं बसवलं तेव्हासुद्धा त्यांची कामगिरी सुधारलेली होती. गटातला वाद प्रत्येकाच्या डोक्यात उतरला, असंच ते म्हणावं लागेल.

मग करायचं कसं? गट तिघांचा ठेवा. चौथं मूल बघ्या होतं, आणि दोघांत एकजण दबला की संवाद संपतो. तिघांत कागद एक, पेन एक. लिहिणाऱ्याने स्वतःचं मत लिहायचं नाही, इतर दोघांनी पटवून दिलेलं लिहायचं. गटाला असा प्रश्न द्या ज्याचं उत्तर एकाला झटकन येणार नाही. ‘पाण्याचा उत्कलनबिंदू किती’ हा गटाचा प्रश्न नाही. ‘बर्फाचा तुकडा तरंगत असलेला ग्लास काठोकाठ भरलाय, बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल का?’ हा आहे. (सांडणार नाही. पण ‘का’ हे सांगताना वर्ग फुटतो, आणि तेच हवं असतं.) बोलायचे नियम वर्गाकडूनच काढून घ्या आणि भिंतीवर लावा: प्रत्येकाला विचारायचं, कारण द्यायचं आणि मागायचं, ठरवण्याआधी निदान दोन पर्याय बघायचे. शेवटी गटातल्या कुणालाही उठवून उत्तर विचारणार हे आधीच जाहीर करा. यामुळे हुशार मुलाला समजावून सांगणं भागच पडतं, आणि समजावून सांगताना त्याला स्वतःची पोकळ जागा सापडते.

मोठ्या वर्गांसाठी हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांनी १९९१ पासून वापरलेली रीत चांगली चालते. संकल्पनेवरचा बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, एक-दोन मिनिटं शांतपणे विचार, मग प्रत्येकाने बोटांनी किंवा कार्डाने पर्याय दाखवायचा. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील तर शेजाऱ्याला पटवायला दोन ते चार मिनिटं द्यायची आणि पुन्हा मत घ्यायचं. ३० पेक्षा कमी असतील तर चर्चेला आधारच नसतो. तेव्हा तुम्हीच पुन्हा समजावा. ७० च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. शंका अशी येते की चुकणारे बरोबर असणाऱ्यांची नक्कल करत असतील. २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा, नवा प्रश्न एकेकट्याने सोडवायला दिला होता. त्यातही सुधारणा टिकली, आणि सुरुवातीला गटात कुणालाच उत्तर येत नव्हतं अशा गटांतही ती दिसली. पहिलं शांत मिनिट मात्र गाळू नका. ते गाळलं की मोठ्या आवाजाचं मत सगळ्यांचं होतं.

प्रश्न: बाळ नऊ महिन्यांचं आहे. परक्या भाषेचे व्हिडिओ लावून ठेवले तर ती भाषा कानावर पडून येईल का?

नाही. अमेरिकी संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नेमकं हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली, २५ मिनिटांची १२ सत्रं. या बाळांना इंग्रजीत नसलेले चिनी ध्वनी ओळखू येऊ लागले. दुसऱ्यांना तीच माणसं, तेच खेळ, तेवढाच वेळ पडद्यावर दाखवले. तिसऱ्यांना नुसता आवाज ऐकवला. या दोन्ही गटांतल्या बाळांना त्यातून काहीच आलं नाही. बाळ बघत होतं, पण समोरचा त्याच्याकडे बघून थांबत नव्हता, त्याच्या नजरेमागे नजर नेत नव्हता. याच कारणामुळे थोड्या मोठ्या, दोन-अडीच वर्षांच्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकता येतात आणि ध्वनिमुद्रित चित्रफितीतून येत नाहीत: कॉलवरचं माणूस उत्तर देतं.

घरी काय मोजायचं, तर किती शब्द बोललात यापेक्षा किती फेऱ्या झाल्या. बाळाने आवाज केला, तुम्ही उत्तर दिलं, थांबलात, त्याने पुन्हा केला: ही एक फेरी. २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात मेंदूतल्या भाषेच्या भागाची हालचाल नुसत्या ऐकलेल्या शब्दांशी जुळली नाही, या फेऱ्यांशी जुळली. घरचं उत्पन्न काहीही असो. आणि बाळ जिकडे बघतंय त्याचंच नाव घ्या. ते पंख्याकडे बघत असताना त्याचं तोंड वळवून चेंडू दाखवला तर आधी लक्ष फिरवण्यात त्याची शक्ती जाते आणि शब्द हुकतो.

प्रश्न: दुसरीतला मुलगा ‘अठ्ठावीस’ ऐकून ८२ लिहितो. डोळ्यांचा दोष असेल का?

बहुधा दोष शब्दाच्या रचनेत आहे. ‘अठ्ठावीस’ मध्ये आधी आठ ऐकू येतात, मग वीस. लिहायचे मात्र आधी दोन, मग आठ. मुलगा ऐकतो त्या क्रमाने लिहितो. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनातल्या जवळपास निम्म्या चुका अशा उलटापालटीच्या निघाल्या होत्या. चिनीत अठ्ठावीसला ‘दोन-दहा-आठ’ म्हणतात. तिथे बोलणं आणि लिहिणं एकाच वाटेने चालतं.

मराठीत आणखी एक वळण आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणे. ‘तीस’ ऐकू आलं म्हणून मूल ३ लिहून बसतं. एकोणीस ते एकोणनव्वद अशी रांग चालते आणि नव्व्याण्णवला अचानक मोडते, तिथे नऊ आणि नव्वद. इतकं सगळं सात वर्षांच्या मुलाने कुणी न सांगता पेलावं अशी आपली अपेक्षा असते, हे एकदा लक्षात घ्या.

उपाय सोपा आहे. काही आठवडे प्रत्येक संख्येला दोन नावं वापरा: ‘अठ्ठावीस, दोन दशक आठ.’ दुसरं नाव बोलताना गठ्ठे आणि सुट्या काड्या समोर ठेवा. लिहिण्याआधी संपूर्ण शब्द ऐकायचा, मग तोंडाने दुसरं नाव म्हणायचं, मग लिहायचं. पहिला आवाज ऐकल्याबरोबर पेन्सिल टेकवायची नाही. जोड्या एकत्र घ्या: तेवीस आणि बत्तीस, सदतीस आणि त्र्याहत्तर. एकोणाच्या संख्या वेगळ्या दिवशी, संख्यारेषेवर: तिसावर बोट ठेवून एक घर मागे. उलटापालट फक्त संख्यांत न होता अक्षरांतही सारखी होत असेल, तर मात्र तज्ज्ञांकडून तपासून घ्या.

प्रश्न: भाषेत एखाद्या गोष्टीला शब्दच नसेल तर त्या भाषेतल्या माणसाला तो विचारच करता येत नाही, हे खरं का?

एवढं टोकाचं खरं नाही. रशियन भाषेत गडद निळ्याला आणि फिक्या निळ्याला दोन स्वतंत्र नावं आहेत. २००७ च्या एका प्रयोगात रशियन भाषकांना एकाच नावात मोडणाऱ्या दोन छटांपेक्षा वेगवेगळ्या नावांत मोडणाऱ्या दोन छटा चटकन वेगळ्या करता आल्या. इंग्रजी भाषकांत असा फरक दिसला नाही. पण त्याच वेळी मनात आकडे घोळवत ठेवायला सांगितलं की हा फायदा नाहीसा झाला. डोळे सगळ्यांचे सारखेच. शब्द त्या क्षणी हळूच हात देत होता, आणि आकड्यांनी तो हात अडवला.

ॲमेझॉनच्या जंगलातल्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्यांना शब्द नाहीत. वस्तूंची रांग समोर दिसत असेल तर ते तेवढ्याच वस्तू बहुतेक वेळा बिनचूक मांडतात. रांग झाकली आणि आठवून मांडायला सांगितलं की आकडा चुकू लागतो. म्हणजे शब्द हे विचाराचं भिंगही नाही आणि तुरुंगही नाही. धरून ठेवण्याची मूठ म्हणा. वर्गातही याचा उपयोग आहे: नवी संज्ञा अनुभवाच्या आधी देऊ नये, पण अनुभवानंतर लवकर द्यावी, नाहीतर अनुभव हातातून निसटतो.

प्रश्न: घरची भाषा एक, शाळेची दुसरी. सहा महिन्यांत मुलगी मैत्रिणींशी फडाफड बोलू लागली, पण पुस्तकातलं कळत नाही. घरीही शाळेचीच भाषा सुरू करावी का?

नको. खेळातली भाषा आणि पुस्तकातली भाषा निराळ्या वेगाने येतात. खेळताना चेहरा, हातवारे, समोरची वस्तू अर्थ पुरवतात. ‘परिणामी’, ‘त्याउलट’, ‘गृहीत धरू’ यांना असा आधार नसतो. कॅनडातले जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार खेळातल्या भाषेला साधारण दोन वर्षं लागतात, पुस्तकातल्या भाषेला पाच ते सात. बोलणं ऐकून ‘आता भाषा येते’ असं शिक्षकांनी ठरवलं, की न कळणं बुद्धीच्या खात्यावर जमा होतं आणि मुलीवर अन्याय होतो.

तुम्हाला जी भाषा भरभरून येते तिच्यातच तिच्याशी बोला. पाऊस कसा पडतो, सावली लांब का होते, गोष्टीतला राजा चुकला का, हे घरच्या भाषेत एकदा कळलं की शाळेत फक्त नवं नाव शिकायचं उरतं. धडा शाळेत होण्याआधी त्यातल्या विषयावर दहा मिनिटं घरी गप्पा मारल्या, तर नंतर समजावण्यात जाणारा बराच वेळ वाचतो. वाक्यात दोन भाषा मिसळल्या म्हणून टोकू नका. दोन्ही भाषा येणारी माणसं हे सर्रास करतात, आणि ते गोंधळाचं लक्षण नाही.

प्रश्न: स्पर्धा परीक्षेचा अभ्यास एकट्यानेच करावा लागतो. चर्चा करायला कुणी नाही. वाचताना सगळं कळतं, पेपरात काहीच सुचत नाही.

वाचताना कळल्यासारखं वाटतं, कारण लेखकाची वाक्यं तयार असतात आणि आपण त्यांना मान डोलावतो. संशोधक मिशेलिन ची यांनी १९९४ मध्ये आठवीतल्या मुलांना रक्ताभिसरणावरचा मजकूर दिला. एका गटाने तो दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबून ‘याचा अर्थ काय, आधीच्याशी संबंध काय’ हे स्वतःला बोलून सांगितलं. दुसऱ्या गटाची समज जास्त वाढली, विशेषतः मजकुरात थेट न लिहिलेल्या प्रश्नांवर.

तुम्ही असं करा. एक परिच्छेद वाचा, पुस्तक पालथं ठेवा, आणि विषय न शिकलेल्या माणसाला सांगावं तसं मोठ्याने सांगा. फोनवर ध्वनिमुद्रित केलंत तर उत्तम. ‘म्हणजे ते आपलं... असं असतं’ अशी जिथे जीभ अडेल, तिथे पेन्सिलीने खूण करा; तेवढाच भाग पुन्हा वाचा, सगळा परिच्छेद नाही. वाचलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवणं यात धरू नका, त्यात नवं काही घडत नाही. प्रत्येक वेळी निदान एक ‘कारण’ आणि एक ‘पण’ आला पाहिजे. पंचवीस मिनिटं वाचन असेल तर दहा मिनिटं बोलणं असं धरा. पानं कमी होतील, ते चालेल. आणि आठवड्यातून एकदा घरातल्या कुणालाही समोर बसवून एक विषय सांगा. त्या माणसाला विषय यायलाच हवा असं नाही. न कळल्यावर त्याने ‘थांब, हे कसं?’ असं मात्र विचारलं पाहिजे.